दुसऱ्या आवाजाच्या ओळी

मत्सर माणसाच्या डोळ्यांत असतो असं आपण धरून चालतो. दुसऱ्याचं घर दिसलं, दुसऱ्याच्या अंगावरचं नवं कापड दिसलं, की आपले डोळे बारीक होतात. पण देवाने प्रत्येकाच्या दोषाला वेगळी जागा नेमून दिलेली असते, आणि या गोष्टीतल्या बाईचा मत्सर त्याने तिच्या कानांत ठेवला होता.

कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करणं हेच तिचं काम. बंद खोलीत पेशंटला हेडफोन लावून बसवायचं, बाहेरून एकेक बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. पेशंट तिला कानवाल्या बाई म्हणत, म्हणून आपणही तिला कानवालीच म्हणू. तिचा नवरा रेडिओवर बातम्या वाचायचा. लग्नाआधी तो तिच्याकडे कान दाखवायला आला होता. तपासणी झाल्यावर ती म्हणाली, "तुमचे कान ठणठणीत आहेत. पण तुम्ही वाक्याचा शेवट गिळता." कोणी दुसरा असता तर रागावून गेला असता. हा दुसऱ्या दिवशी परत आला आणि विचारलं, "काल रात्रीचं ऐकलंत? गिळला का?"

तेव्हापासून तो तिच्या कानावर जगत होता म्हटलं तरी चालेल. केंद्रावरच्या साहेबांचं एक वेळ तो ऐकायचा नाही, पण ती म्हणाली, "अर्थमंत्र्यांचं नाव आज घाईत गेलं," की मान खाली. तिने चांगलं म्हटलं तर चांगलं, वाईट म्हटलं तर वाईट. वाद नाही.

ते वर्ष उजाडलं आणि शेजारच्या देशातलं सरकार पडलं. बातमीपत्र दहा मिनिटांचं होतं ते अर्ध्या तासाचं झालं. एकट्याच्या घशाला ते झेपेना, तेव्हा साहेबांनी त्याला दुसरा आवाज जोडून दिला. ही मुलगी आधी हवामान सांगायची. आवाज असा, की 'तुरळक ढग' म्हणाली तरी काहीतरी शुभ घडणार आहे असं वाटावं. कानवालीने पहिल्याच दिवशी तिचं नाव घंटी ठेवलं.

"नाव काही वाईट नाही ठेवलं मी," ती सासऱ्यांना म्हणाली. "घंटी देवापुढेही असते."

"असते की," सासरे म्हणाले. "दारावरही असते. वाजली म्हणजे कोणीतरी घरात येतंय."

सासऱ्यांच्या कानात यंत्र होतं. देवाने माणसाला डोळ्यांवर झाकण दिलं आणि कान उघडे ठेवले, पण सासऱ्यांना म्हातारपणी तीही सोय झाली होती. घरात आवाज चढले की ते कानामागे बोट नेत आणि शांतपणे हसत बसत.

तर असं ते वर्ष. जगात पुष्कळ घडलं, आणि लोकांनी ते जसं लक्षात ठेवायचं तसं ठेवलं. कानवालीच्या डोक्यात मात्र त्याची वेगळीच मांडणी झाली होती.

शेजारचं सरकार पडलं तो दिवस म्हणजे दोघांनी पहिल्यांदा एकत्र वाचलं तो दिवस. त्याचं वाक्य जमिनीला टेकायच्या आत घंटीने आपलं उचललं, आणि इतक्या वर्षांनी हा पुन्हा शेवट गिळून बसला, हसू दाबल्यासारखा. सामुद्रधुनीत धान्याची जहाजं अडकली, लोकांना भावाची काळजी लागली. हिला काळजी लागली की 'धान्य' हा शब्द दोघं एकाच सुरात कसा म्हणतात. मग वसंतात तह झाला. कितीतरी वर्षं एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन देशांच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले. दवाखान्यात नर्स रडत होत्या आनंदाने. रेडिओवर घंटी म्हणाली, "अखेर," आणि तिच्या मागोमाग हाही म्हणाला, "अखेर."

"कागदावर होतं का ते?" घरी आल्यावर हिने विचारलं.

"काय?"

"अखेर."

"नव्हतं. आपोआप आलं."

"आपोआप," ती म्हणाली, आणि भांडी जरा जोरात लावली.

स्वतःच्या देशातल्या निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा मोजणी लांबली. तो सकाळी घरी आला, आवाज बसलेला, डोळे लाल, आणि म्हणाला, "काय मजा आली!" देशाला नवं सरकार मिळालं. हिच्या वाट्याला 'मजा' हा शब्द आला. तो तिने पुढचे कितीतरी दिवस तोंडात खड्यासारखा घोळवला. दूरच्या बेटावर भूकंप झाला तेव्हा तर मृतांचा आकडा वाचताना घंटीचा आवाज ओला झाला.

"बिचारी हलली," तो म्हणाला. "मी पाणी दिलं तिला."

हिलाही त्या बेटावरच्या माणसांसाठी वाईट वाटलं होतं, रोजच्या प्रार्थनेत तिने त्यांना घेतलंही होतं. तरी तोंडून निघालंच, "ग्लासात दिलंस की तुझ्या बाटलीतलं?"

सासऱ्यांनी कानामागे बोट नेलं.

बाहेरही सुटका नव्हती. एक म्हातारे गृहस्थ तपासणीला आले आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "बाई, घरात मला कोणाचं काही ऐकू येत नाही. पण तुमच्या मिस्टरांची आणि त्या मुलीची जोडी शब्दन् शब्द ऐकू येते. काय जमलंय हो!" त्यांच्या तपासणीत त्या दिवशी एक-दोन आवाज हवे होते त्याहून बारीक सुटले. नंतर तिलाच लाज वाटली, आणि तिने त्यांना पुन्हा बोलावून नीट तपासणी केली.

वर्ष संपत आलं. दर वर्षअखेरीला रेडिओवर आढावा असायचा, तासाभराचा, थेट. आतापर्यंत तो एकटा वाचायचा. या वर्षी दोघं वाचणार होते. आणि साहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली होती.

"आढावा चांगला झाला," नवरा बूट काढता काढता म्हणाला, "तर नव्या वर्षापासून सकाळचा कार्यक्रम आम्हाला. रोज एक तास. दोघांना मिळून."

"रोज?"

"रविवार सोडून."

"रविवारी काय करशील मग?" ती म्हणाली. त्याला वाटलं, ती कौतुकाने विचारतेय.

रोज सकाळी एक तास. बातमीपत्रात निदान शब्द दुसऱ्याने लिहिलेले असतात. सकाळच्या कार्यक्रमात गप्पा असतात, हसणं असतं, 'अखेर'सारखे आपोआप येणारे शब्द असतात. आणि ते सगळं दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत रेडिओवर लागणार, पेशंट तिच्याकडे बघून हसणार. तिने ठरवलं नाही काही. पण देवाला मनातलं ठरवण्याआधीच कळतं.

संधीही चालून आली. आढावा चार दिवसांवर आला आणि घंटीचा घसा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, थेट त्या दिवशीच तोंड उघडायचं. सराव कसा करायचा? नवऱ्याने कागदांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"तिच्या ओळी तू वाच," तो म्हणाला. "मला फक्त उचलायचं कुठे तेवढं हवंय."

कागदावर एका बाजूला लिहिलं होतं 'आवाज पहिला', दुसऱ्या बाजूला 'आवाज दुसरा'. तिने भाजी चिरायची थांबवली, हात पुसले आणि समोर बसली.

"शेजारच्या देशात या वर्षाची सुरुवातच राजीनाम्याने झाली," त्याने वाचलं.

ती थांबली. एक श्वास घेतला, सोडला. मग वाचलं, "पंतप्रधानांनी तो सकाळी दिला, दुपारी मागे घेतला, आणि संध्याकाळी त्यांना तो पुन्हा द्यावा लागला."

"जरा लवकर उचल."

"ती इथे थांबते."

"थांबते? मला तर वाटतं ती झटकन घेते."

"तू शेजारी बसलेला असतोस, तुला तिचे ओठ दिसतात. म्हणून तसं वाटतं. मी वर्षभर नुसती ऐकतेय. बातमी गंभीर असली की ती एक श्वास थांबते." तिने कागद सारखा केला. "आणि चांगलं वाटतं ते. तू पण थांब तिच्यासाठी."

हे खोटं होतं. घंटी कधीच थांबत नसे. हवामानवाल्यांची सवय, वेळ कमी आणि ढग फार. पण त्याने मान हलवली आणि पेन्सिलीने प्रत्येक जागी एक बारीक रेघ ओढली. हा कान आपल्याला फसवेल असं त्याला वाटलंच नाही. सगळ्या जगावर संशय घेऊन बातम्या वाचणारा माणूस, घरातली बातमी मात्र त्याने तपासली नाही.

तीन दिवस त्यांनी तसाच सराव केला. ती आपल्या श्वासाने थांबत होती, तो तिच्या श्वासाला सरावत होता. जहाजं, तह, निवडणूक, भूकंप. गंमत अशी, की तिला ते आवडायला लागलं. सगळं वर्ष तिने बाहेर उभं राहून ऐकलं होतं. आता तेच वर्ष ती त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून वाचत होती. तहाच्या जागी तिने कागदावर नसलेलं 'अखेर' म्हणून पाहिलं. त्याच्या लक्षात आलं नाही.

सासरे एका कोपऱ्यात बसून ऐकायचे. "सूनबाई," ते एकदा म्हणाले, "तू थांबतेस किती! मला वाटलं माझ्या यंत्राची बॅटरी गेली."

त्या रात्री प्रार्थनेला बसली तेव्हा तिने मागितलं, "देवा, थोडा अडखळू दे त्याला. पडू देऊ नकोस, नुसता अडखळू दे." मग तिला वाटलं, अशी मागणी मागून आपण देवालाच कटात घेतोय. तिने हात सोडले आणि तशीच उठली.

आढावा सकाळी होता. तिने दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली. सासऱ्यांनी यंत्र नीट बसवलं, आवाज मोठा केला, आणि दोघं रेडिओपाशी बसले.

"शेजारच्या देशात या वर्षाची सुरुवातच राजीनाम्याने—"

"पंतप्रधानांनी तो सकाळी दिला," घंटी चढली. त्याचं 'झाली' तिच्या वाक्याखाली चिरडलं गेलं. त्याच्या पुढच्या ओळीआधी तो एक श्वास थांबला, तेवढ्यात घंटीला वाटलं तो विसरला, म्हणून तिने त्याची ओळ उचलली. तोही तीच ओळ घेऊन आला. दोन आवाज एकाच वाक्यात दारात अडकलेल्या दोन माणसांसारखे अडकले.

कानवालीच्या छातीत काहीतरी गोड हललं. खोटं कशाला सांगा, गोडच होतं ते.

जहाजांच्या बातमीत पुन्हा तेच झालं. तहाच्या जागी 'अखेर' आलंच नाही कोणाच्या तोंडून. निवडणुकीत तर जिंकलेल्या पक्षाच्या जागा एकाने सांगितल्या आणि हरलेल्याच्या दुसऱ्याने, दोन्ही एकदम. ऐकणाऱ्याला वाटावं, सगळेच जिंकले.

"हे काय चाललंय?" सासरे म्हणाले. "भांडले की काय दोघं?"

भूकंपाची बातमी सुरू झाली. त्याने बेटाचं नाव घेतलं आणि थांबला. तिकडून ओळ आली, इकडूनही आली, दोघं दचकले, दोघंही गप्प झाले. आणि मग काहीच नाही. रेडिओवर शांतता लहान असली तरी मोठी वाटते. त्या शांततेत हिच्या कानांनी ऐकलं, की त्याने आवंढा गिळला. तो घाबरला होता. तिच्या हातून तयार झालेला, तिने वाक्याचे शेवट नीट करून दिलेला तो आवाज, मेलेल्या माणसांच्या आकड्यापाशी येऊन अंधारात पायरी शोधत होता.

"देवा," ती म्हणाली, आणि पुढे काय मागावं ते तिला सुचेना.

तेव्हा घंटी बोलली. कागदावरची ओळ नव्हती ती. खालच्या सुरात, घाई न करता म्हणाली, "आपण ऐकत आहात सरत्या वर्षाचा आढावा." एवढंच. त्या एका वाक्याच्या आडोशाला त्याला आपली ओळ सापडली. त्याने आकडा वाचला. आणि घंटी थांबली. एक श्वास घेतला, सोडला, मग आपली ओळ घेतली.

त्यानंतर ती प्रत्येक जागी थांबली. तो जिथे सरावाने थांबत होता, तिथे तिथे तीही. गाऊन कथा सांगणाऱ्याने मध्येच श्वास घ्यावा आणि मागच्या साथीदाराने त्या श्वासावर ओळ झेलावी, तसं. शेवटचा पाव तास इतका सुंदर झाला, की सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

कानवालीने डोळे मिटले नाहीत. तो श्वास तिचा होता. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या छातीत बसलेला, तीन दिवस तिने टेबलावर बसून त्याला दिलेला. आणि त्या पोरीने तो ऐन कार्यक्रमात, त्याच्या पडण्यातून, नुसता ऐकून उचलला होता. तिचं सगळं वर्षभराचं जळणं एका बाजूला आणि हे एका बाजूला. तिला उठून रेडिओ बंद करावासा वाटला. पण इतकं चांगलं वाचन मध्येच तोडायला तिचा हात धजेना.

जेवायच्या वेळेला तो घरी आला. बॅग टाकली आणि म्हणाला, "वाट लावली तिने."

"कोणी?"

"अजून कोण! आज थांबलीच नाही. वर्षभर थांबते, आजच कुठली गाडी गाठायची होती कोणास ठाऊक. साहेब भडकलेत. म्हणाले, दोघांतला एक बदलणार. चूक कोणाची ते विचार करून सांग, दुपारी फोन करतो." तो खुर्चीत बसला. "तिला सांगितलंय घरी थांब म्हणून. गप्प होती बिचारी. पण मी काय करू? आहे ते सांगावं लागेल."

कानवाली उभी होती तिथेच उभी राहिली. वर्षभर जे मागितलं होतं ते सगळं टेबलावर येऊन पडलं होतं, आणि त्यासाठी आता काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. फोन वाजेल, हा बोलेल, घंटी पुन्हा ढगांकडे जाईल. रोज सकाळी हा एकटा वाचेल, आणि हिच्यासाठी वाचेल. तिने भाजी गरम करायला ठेवली.

"शेवट बरा झाला मात्र," ती पाठमोरीच म्हणाली.

"झाला ना? मी सावरलं." त्याचा चेहरा जरा उजळला. "भूकंपाच्या जागी मी म्हटलं, आता हिच्यावर सोडून चालणार नाही. मी लय पकडली आणि तिला ओढून घेतलं मागे."

"तू सावरलंस?"

"मग! ऐकलं नाहीस?"

आता बघा माणसाचं कसं असतं. तिचा मत्सर तिला गप्प बसवू शकला असता, बसवत होताही. पण तिच्या कानांना चुकीचं ऐकलेलं सहन होत नसे. तो त्यांचा धर्मच होता.

"तू नाही सावरलंस," ती वळून म्हणाली. "तू आवंढा गिळलास. तुला ओळ सापडत नव्हती. तिने मध्ये वाक्य घातलं म्हणून तुला सापडली."

"अगं, ते तर—"

"आणि पुढे ती थांबली ती तुझ्यासाठी थांबली. तिची सवय नाही ती. ती कधीच थांबत नाही."

"पण तूच सांगितलंस ती थांबते."

"खोटं सांगितलं."

गॅसवर भाजी तडतडायला लागली. सासऱ्यांचं बोट कानामागे गेलं, आणि तसंच खाली आलं. त्यांनी यंत्र बंद केलं नाही.

"का?" नवऱ्याने विचारलं.

"का म्हणजे? रोज सकाळी एक तास, रविवार सोडून." तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला 'अखेर' आपोआप येतं म्हणून. मजा येते म्हणून. पाणी दिलंस म्हणून!"

"पाणी? कसलं पाणी?"

"ते जाऊ दे."

तो म्हणाला, "मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं? कार्यक्रम सोडशील का, म्हणून? सोडला असतास?"

"नाही," तो म्हणाला. विचार न करता, सरळ. त्या सरळपणाने तिला जितकं दुखलं तितकंच बरंही वाटलं.

फोन वाजला. तो उठून गेला, उभ्यानेच बोलला. "हो साहेब. विचार केला. चूक माझी. सराव करताना थांबे चुकीचे बसवले मी... नाही, नाही, कोणी सांगितलं नाही, माझ्याकडूनच... ती? ती बरोबर होती, साहेब. पहिल्यापासून बरोबर होती." वाक्याचा शेवट त्याने गिळला नाही, अगदी भरून म्हटला. हिच्या कानांनी तेवढंही सोडलं नाही. "बरं. सोमवारपासून. दोघं येतो."

फोन ठेवून त्याने लगेच दुसरा लावला. घंटीला, हे सांगायला नको. "ऐक," तो म्हणाला, "माफी मागायला फोन केलाय." मग नुसता ऐकत राहिला. पलीकडून बारीक आवाज येत होता, बसलेल्या घशातला, पण इतक्या लांबून शब्द लागेनात. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या बाईला एक शब्द लागेना. तिने गॅस बारीक केला. तरी नाही. मग तो एकदम हसला. मोठ्याने नाही, पोटातून, मोकळा झाल्यासारखा. "सांगतो," म्हणाला, आणि फोन ठेवला.

ती ताटं मांडत होती. "काय म्हणाली?"

"काही नाही."

"सांगतो म्हणालास ना?"

"काही नाही गं," तो म्हणाला, आणि ताट पुढे ओढलं. रागावलेला वाटत नव्हता. फक्त सांगत नव्हता.

तिने त्याला वाढलं, सासऱ्यांना वाढलं. स्वतःच्या ताटात हात घालून बसली.

"अरे, काही नाही तर हसलास कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

त्याने त्यांनाही सांगितलं नाही. भाजी छान झालीय म्हणाला आणि आणखी मागितली.